शेवटचा भाग मंगळवारी

"तशीच म्हंजे कशी? पाऊस तसा पायजे, मानूस तसा पायजे, का रडू तसं पायजे? नीट सांगा, म्हंजे देते."

हे वाक्य मी पाचशे वेळा तरी ऐकलं असेल. कुणी एखादी कोरियन नाहीतर चिनी प्रेमाची मालिका बघून संपवली आणि 'आता तशीच दुसरी सांगा' म्हणत चार नंबरकडे मान वळवली, की ती डाव्या हातानं चष्मा वर सरकवायची आणि हे विचारायची. उजवा हात मशीनला जोडलेला असायचा. दोन जाड सुया, दोन नळ्या, एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून आत. तिकडं ढुंकूनही न बघता ही बाई समोरच्याला विचारणार, रडू कसलं पाहिजे.

कोपरगावातलं आमचं डायलिसिस सेंटर म्हणजे एक लांबट हॉल, सात खाटा, सात मशीन आणि दाराशी वजनकाटा. आम्ही मंगळवार-शुक्रवारवाले, सकाळची पाळी. तिथं नावानं कोणी कुणाला ओळखत नाही. मी पाच नंबर, ती चार नंबर. सिस्टरसुद्धा 'चार नंबर, पाय सरळ करा' असंच ओरडायची.

मी साखर कारखान्यात वजनकाट्यावर आहे. उसाची गाडी आली की भरलेली मोजायची, खाली करून आली की रिकामी मोजायची, फरक लिहायचा. पंचवीस वर्षं हेच केलं आणि मूत्रपिंडं गेल्यावर कळलं, की आता आपणच गाडी. आल्या आल्या काट्यावर चढायचं. चार तास पडून अंगातलं साठलेलं पाणी काढून घ्यायचं. जाताना परत काट्यावर. फरक सिस्टर लिहिणार. पहिल्याच दिवशी मी हे मोठ्यानं बोललो. बाकीचे पाच जण माझ्याकडे असे बघायला लागले, की जणू मी मयतीत शिट्टी वाजवली. ही एकटी खो-खो हसली. इतकी, की मशीन बोंबलायला लागलं आणि सिस्टर धावत आली. तेव्हापासून मी 'काटावाले भाऊ'.

मी स्वभावानं तिरसट माणूस. त्यात आजारी. पहिले दोन महिने मी छताकडे बघत पडायचो आणि शेजारच्या खाटेवरच्या मोबाईलमधून येणारं ते कोरियन 'आनी… सारांग…' ऐकून माझं डोकं उठायचं. एकदा मी म्हणालोच, "बाई, काय बघता हो हे? सगळ्यांची तोंडं सारखी. कोण कुणाच्या प्रेमात पडलं हे तुम्हाला तरी कळतं का?"

"तुमच्या काट्यावर सगळे बैल सारखेच दिसत्यात का?"

"बैल कसे सारखे दिसतील? एकेक ओळखतो मी."

"मग. चार दिस बगा, हे बी वळखाल."

आणि तिनं पुठ्ठा दिला. औषधाच्या रिकाम्या खोक्याचा फाडलेला तुकडा, त्यावर डाव्या हातानं लिहिलेलं. अक्षर कसलं, शाईत पडलेले मुंगळे चालून गेल्यासारखं. पण मजकूर मला अजून पाठ आहे. 'मिठागरवाली. कोरिया. भाग सोळा. रडू दोन रुमाल. मुका अकराव्या भागात, पोरं बाजूला काढा. पानी लई.'

मालिकेचं खरं नाव ती कधीच सांगत नसे. तिची तीच नावं ठेवायची. मिठागरवाली, भिंतीवरच्या घड्याळाची, बहिऱ्या सुताराची, दोन सासवांची. समोरच्याचा मोबाईल हातात घ्यायचा, स्वतः शोधून लावून द्यायचा, वर नाव बदलून सांगायचं. कुठल्याही देशाची चालायची. कोरिया, चीन, जपान, थायलंड, काय वाट्टेल ते. प्रेम असलं पाहिजे एवढीच अट.

आणि 'पानी लई' म्हणजे काय, ते मी तिसऱ्या भागात शिकलो. आम्हाला दिवसाला तीन-चार फुलपात्री पाणी, चहा-आमटी सगळं धरून. तहान म्हणजे काय हे आम्हाला विचारा. आणि त्या मालिकांतली माणसं बघावं तेव्हा वाफाळतं सूप भुरकतायत, गार पाण्याचा पेला घटाघट रिचवतायत, पावसात तोंड वर करून उभी राहतायत. तिसऱ्या भागात त्या पोरानं विहिरीवर ओंजळीनं पाणी प्यायलं आणि मी मोबाईल पालथा ठेवला. घसा नुसता कोरडा ठाक. शेजारून आवाज आला, "लिवलंय की मी. वाचत न्हाई कुनी."

जगात कोणी मालिकेवर असा शेरा मारत असेल असं मला वाटत नाही. तो आमच्यासारख्यांसाठीच होता.

तिला त्या भाषा येत नव्हत्या हे सांगायला नको. काही मालिका हिंदीत असत. बाकीच्या ती तोंडाकडे बघून समजून घ्यायची आणि छातीठोकपणे गोष्ट सांगायची. माझी सून खालची इंग्रजी अक्षरं वाचून बघते. तिनं एकदा माझ्यासोबत बसून बहिऱ्या सुताराची बघितली आणि कपाळावर हात मारला. "अहो बाबा, ती त्याची बहीण नाहीये, वकील आहे! आणि तो बहिरा नाही, त्याला फक्त बोलायचं नाहीये!" मी शुक्रवारी मोठ्या तोऱ्यात ही चूक चार नंबरच्या पदरात घातली. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "वकील असू दे न्हाईतर बहीन. रडती ना त्याच्यासाठी? मग झालं तर."

तिचा मोबाईलवर एक ग्रुपसुद्धा होता. राहात्यापासून संगमनेरपर्यंतच्या बायका त्यात, शाळेतल्या बाई, कॉलेजच्या पोरी, ब्यूटी पार्लरवाल्या. सगळ्यांचं एकच मागणं, तशीच दुसरी सांगा. ही खाटेवरून बोलून बोलून निरोप पाठवायची. मधेच मशीन टीं टीं करायचं. पलीकडून विचारणा व्हायची, ताई, कसला आवाज? ही बेधडक सांगायची, "लिफ्ट हाय आमच्या इथं." राहात्याजवळ पेरूच्या बागेत तिचं चार खोल्यांचं बैठं घर. पण ग्रुपातल्या शंभर बायकांना शेवटपर्यंत वाटत राहिलं, की ताई कुठल्यातरी मोठ्या बिल्डिंगीत राहतात आणि दिवसभर लिफ्टनं वर-खाली करतात.

मी एकदा विचारलं होतं, तुम्हाला या प्रेमाचं एवढं काय पडलंय? वय पन्नाशीच्या पुढं, कुंकू पुसून दहा वर्षं झालेली, घरात मुलगा, सून, नातू. जरा आगाऊच प्रश्न होता. पण ती चिडली नाही.

"नवऱ्याबरूबर सव्वीस वर्सं काडली भाऊ. मानूस वाईट न्हवता. पन सव्वीस वर्सांत एकदा नावानं हाक मारली न्हाई. 'अगं ए' नायतर 'ऐकलं का'. आन हितं ते पोरगं तिचं नुसतं नाव घेतं, आन पुरा एक भाग त्येच्यावर जातो. मला बगायला बरं वाटतं."

मलाही तेव्हा तिचं नाव माहीत नव्हतं.

आता तिच्या नियमाविषयी सांगतो. सगळा घोळ त्या नियमापाशीच झाला, आणि तो मी केला.

नियम असा, की मालिकेचा शेवटचा भाग घरी बघायचा नाही. बाकीचे भाग कुठंही बघा, गोठ्यात बघा, देवळात बघा. शेवटचा मात्र इथं, खाटेवर, मशीन चालू असताना. आणि तो संपायच्या आत पुढच्या मालिकेचा पुठ्ठा हातात पडलेला पाहिजे. मला वाटायचं, बाईचा विक्षिप्तपणा. एकदा मी घरीच शेवट बघून आलो, तर माझ्याशी तिनं आठवडाभर अबोला धरला. सिस्टरकडे तक्रार केली वर, की पाच नंबर औषधं नीट घेत नाही.

दोन नंबरला एक निवृत्त गुरुजी होते. त्यांच्यावरून माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गुरुजी अधूनमधून यायचेच नाहीत. पाळी चुकवायचे, मग अंगावर सूज, धाप, आणि मुलं उचलून आणायची. म्हणायचे, "पुरे आता. किती दिवस हे?" आमच्यातल्या प्रत्येकाला हे कधी ना कधी वाटतं. इथं कोणी बरा होऊन घरी जात नाही. नुसती पुढची तारीख मिळते. तर चार नंबरनं गुरुजींना साठ भागांची चिनी राजवाड्यातली मालिका लावून दिली. गुरुजी आधी नाक मुरडत होते. मग त्या राणीवर खोटा आळ आला आणि गुरुजी पेटले. "हा सरळ सरळ अन्याय आहे!" असं मशीनला लावलेल्या हातानं मूठ आवळून ओरडले होते. पुढं चार महिने त्यांनी एक पाळी चुकवली नाही. नियमच होता, राणीचा निकाल मंगळवारी, खाटेवर.

म्हणजे ही बाई माणसाचा जीव टांगणीला लावून ठेवायची. अगदी मुद्दाम. ज्याचा जीव टांगणीला आहे तो मंगळवारी येतोच, असा तिचा हिशेब. गुरुजी पुढं गेले, राणीच्या निकालानंतर दोन पावसाळ्यांनी, ती गोष्ट वेगळी. पण तेवढे दिवस तिनं त्यांना ओढून आणले.

गेल्याच्या गेल्या हंगामात सहा नंबरला एक पोरगी आली. तेवीस-चोवीस वर्षांची, खर्ड्याकडची. नवरा-बायको ऊसतोडीला आलेले. आमच्याच कारखान्याच्या तळावर त्यांची कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी. दिवाळीनंतर तोडीत चक्कर येऊन पडली, तपासलं तर दोन्ही मूत्रपिंडं निकामी. नवऱ्यानं तरी काय करावं? टोळीत दोघांचा मिळून एक कोयता धरतात, ही बसली की त्याचा अर्धाच राहिला. तो तिला मंगळवार-शुक्रवार दारात सोडायचा आणि फडावर पळायचा. पोरगी कोपऱ्यात तोंड करून पडायची. पाणी मागायची सवय होती तिला, लहान मुलासारखी, "सिस्टर, घोटभर." सिस्टर नाही म्हणायची आणि ही गप्प बसायची.

चार नंबरनं तिला पहिल्याच आठवड्यात धरलं. "ए पोरी, हिकडं बघ. तुला कसलं आवडतं?"

"मला काय बी नाय आवडत, मावशे."

"बरं. मग काय बी नसलेलं देते."

आणि पानी कमी, रडू अर्धा रुमाल, अशी एक हलकीफुलकी थायलंडची दिली. पोरीजवळ साधा मोबाईल होता म्हणून आपला जुना दिला. तिसऱ्या पाळीला पोरगी हसताना दिसली. पाचव्या पाळीला ती स्वतःहून म्हणाली, "मावशे, तशीच दुसरी सांगा ना." चार नंबरच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी कधी विसरणार नाही. लॉटरी लागलेली माणसं मी बघितली आहेत, ती इतकी खूश नसतात.

"तशीच म्हंजे कशी गं?"

पोरीनं बराच विचार केला. "म्हंजे… वाट बघायलीय अशी. आन कुनीतरी यायलंय."

म्हणून तिला मिठागरवाली मिळाली. पोरगा समुद्रावर जातो, पोरगी मिठागरात काम करत त्याची वाट बघते, सोळा भाग. पाणी लई असूनसुद्धा दिली. "तू सोसशील आता," म्हणाली.

तोवर मार्च आला. कारखान्याचा पट्टा पडायची वेळ झाली, म्हणजे गाळप संपणार, कोप्या मोडणार, टोळ्या आपापल्या गावी जाणार. पोरीची टोळी सोमवारी निघणार असं ठरलं. तिच्या गावापासून डायलिसिसला जायचं म्हणजे दोन गाड्या बदलायच्या, आठवड्यातून दोनदा, उन्हाळ्यात. तिला कोण नेणार होतं? सासरच्यांनी बोलून दाखवलं नव्हतं, पण सगळ्यांना कळत होतं, की पोरगी टोळीबरोबर गेली की संपलं.

चार नंबरनं तिला सांगितलं, "तू जाऊ नको. माज्या घरी रा. पेरूच्या बागंत एक खोली रिकामी हाय. हंगाम परत लागंस्तोवर रा. मंगळवारी हितनंच तुला संगं घिऊन जाते. नवऱ्याशी मी बोलते."

पोरगी हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. तिला ओझं व्हायची लाज वाटत होती. मग चार नंबरनं आपलं जुनं हत्यार काढलं. मिठागरवालीचा पंधरावा भाग शुक्रवारी संपेल असा बरोबर बेत केला. बोट वादळात सापडलेली, पोरगी धक्क्यावर उभी, आणि संपला भाग. "सोळावा मंगळवारी," चार नंबर म्हणाली आणि मोबाईल स्वतःच्या पिशवीत टाकला. "कळायचं असंल तर ये."

सोमवारी टोळी निघणार आणि मंगळवारी सोळावा भाग. एवढ्या एका भागावर बाईनं सगळं लावलं होतं.

त्याच शुक्रवारी, पाळी संपत आलेली, चार नंबरचं बीपी उतरलं. सिस्टरनं तिची खाट पायाकडून वर केली, ती डोळे मिटून पडली होती. पोरगी आपली सहा नंबरवरून माझ्याकडे बघत होती. हळूच म्हणाली, "काका, तुमी बघितलीय ना ती?"

"कुठली? मिठागरवाली? व्हय की."

"मला मंगळवारी येनं हुतंय का नाय काय म्हाईत. तेवढं सांगा ना. भेटत्यात का ती दोघं?"

देवाशप्पथ सांगतो, मला दया आली. दुसरं काही माझ्या मनात नव्हतं. तेवीस वर्षांची पोर, कधी कुणाजवळ काही मागितलं नाही, घोटभर पाण्याखेरीज. मालिकेचा शेवट तर मागतेय. मला नियम माहीत होता, त्या नियमाचं कारणही माहीत होतं, आणि तरी माझी जीभ सुटली.

"भेटतात गं," मी म्हणालो. "केस पांढरे झाल्यावर का होईना, पण भेटतात."

पोरीनं डोळे मिटले. चेहरा असा निवला तिचा. "मग झालं," म्हणाली.

मंगळवारी सहा नंबर रिकामी. चार नंबर दाराकडे तोंड करून पडलेली, पिशवीत जुना मोबाईल पूर्ण चार्ज करून आणलेला. अकरा वाजले, बारा वाजले. टोळीचा ट्रक आदल्या दिवशी सकाळीच गेला होता, पोरगी त्यात बसून गेली होती. हे मला माहीत होतं, कारण मी काट्यावरच्या खिडकीतून तो ट्रक जाताना बघितला होता. वरच्या सामानावर ती पदर तोंडावर घेऊन बसलेली. मी हात केला. तिनं बघितलं नाही.

तीन आठवड्यांनी एक ट्रॅक्टरवाला हिशेबाच्या कागदासाठी काट्यावर आला. त्यानं बोलता बोलता सांगितलं, त्या टोळीतली आजारी बाई गेली. मी तसाच त्याचा कागद भरून दिला. नंतर कळलं, आकडा चुकीचा लिहिला होता. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

मंगळवारी मी चार नंबरला सगळं सांगितलं. पोरगी गेल्याचं, आणि शेवट मीच सांगितल्याचंही. लपवता आलं असतं. पण नाही राहवलं.

तिनं विचारलं, "ऐकून काय म्हनली?"

"म्हणाली, मग झालं."

तिनं चष्मा काढून उशीशी ठेवला. मग म्हणाली, "न्हाई भेटत म्हनायचं हुतं भाऊ. न्हाईतर ठाव न्हाई म्हनायचं हुतं. शेवट ठाव झाल्यावर मानूस कशाला येतंय?" आवाज चढवला नाही, की शिवी दिली नाही. चार तास मोबाईलला हात लावला नाही. ग्रुपाचे निरोप वाजत राहिले.

मी स्वतःला नाना प्रकारे समजावतो. सून म्हणते, बाबा, ती तशीही गेलीच असती, नवरा-सासू-टोळी यांच्यापुढं एक मालिका काय करणार? खरंही असेल. डॉक्टरही म्हणाले, पोरीची तब्येत फार आधीच हाताबाहेर गेली होती. पण 'मग झालं' म्हणताना तिचा चेहरा मी बघितला आहे, त्यांनी नाही बघितला.

त्यानंतर चार नंबर बदलली. पुठ्ठे देणं थांबवलं नाही, पण त्यावर काही उरलं नाही. रडू किती, मुका कुठं, पाणी किती, काही नाही. कोणी 'तशीच सांगा' म्हणालं, तर म्हणायची, "कुटली बी बगा. समद्या सारख्याच हायेत." गुरुजींच्या जागी आलेल्या नव्या माणसाला वाटलं, बाईला या विषयातलं काही कळत नाही. आता त्याला काय सांगायचं?

वजनही वाढवून यायला लागली. साडेतीन किलो, चार किलो. म्हणजे घरी पाणी पीत होती, मनसोक्त. सिस्टर ओरडायची. ती हसायची.

श्रावणात एकदा मला म्हणाली, "भाऊ, मला एक सांगा की मालिका. जल्मभर मीच सांगत आले."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी तिचीच नक्कल केली. "तशीच म्हंजे कशी? पाऊस तसा पायजे, का मानूस तसा?"

ती हसली नाही. "निघून गेलेली परत येती, आन आपल्या खाटंवर येऊन पडती, आन म्हनती, कुटवर आल्तं? अशी बगा कुटं हाय का."

मी आठ दिवस शोधली. सुनेला कामाला लावलं. मेलेली माणसं परत येतात अशा मालिका चिक्कार निघाल्या. भुतं होऊन येतात, दुसऱ्या जन्मी येतात, अपघातात स्मरण जाऊन येतात. पण नुसतं येऊन खाटेवर पडणारं कोणी नव्हतं. शेवटी त्यातल्या त्यात जवळची एक सापडली. हरवलेली थोरली बहीण शेवटी घरी येते, असं सुनेनं वाचून सांगितलं. मी बघितली नव्हती. औषधाचं खोकं फाडून आयुष्यातला पहिला पुठ्ठा लिहिला. 'बहिणीची. तैवान. भाग बारा. रडू तीन रुमाल. मुका नाही.'

तिनं चष्मा सरकवून वाचला. "पानी न्हाई लिवलं."

"बघितली नाही हो मी. नुसती शोधलीय."

"बरं," म्हणाली आणि पुठ्ठा ब्लाउजमध्ये खोचला. मंगळवारी आली तेव्हा आठव्या भागापर्यंत आली होती. मला जरा बरं वाटलं. म्हटलं, लागली पुन्हा गाडी रुळावर. खाटेवर अकरावा बघून संपवला आणि मला म्हणाली, "शेवटचा शुक्रवारी."

शुक्रवारी ती आली नाही. फोन करून सिस्टरला सांगितलं, घरी पाहुणे आलेत, मंगळवारी येते.

मंगळवारी तिचा मुलगा आला. सरळ माणूस, उन्हात रापलेला, हातात पेरूंची पिशवी. सेंटरमधल्या लोकांना द्यायला आणलेले. आमच्यापैकी कुणालाच पेरू चालत नाही हे त्याला कुठलं माहीत! आई सोमवारी सकाळी गेली म्हणाला. मी काट्यासमोर रांगेत उभा होतो.

"तुमीच का काटावाले भाऊ?" त्यानं विचारलं. "आईनं तुमच्यासाठी ह्ये दिलंय. रविवारी दुपारी पडवीत बसून तिनं ती शिरेल पुरी केली बगा. समदी संपली म्हनली. मंग ह्याच्यावर कायतरी लिवलं आन म्हनली, भाऊंना दे." त्याचे डोळे भरून आले. "पुरी बगून गेली. लई समाधानानं गेली. तेवडंच बरं वाटतंय आमाला."

माझाच पुठ्ठा होता. 'मुका नाही' याच्या खाली एक ओळ वाढवलेली. 'पानी न्हाई. एक थेंब न्हाई. चांगली हाय.' आणि त्याखाली नाव. तिचं नाव मला तेव्हा कळलं.

अक्षर मुंगळ्यांचं नव्हतं. गोल, ठसठशीत, शाळेत फळ्यावर सुविचार लिहितात तसं. घरी लिहिलं होतं, मोकळ्या उजव्या हातानं. तिचं खरं अक्षर मी पहिल्यांदाच बघत होतो.

"समाधानानं गेली ना हो?" मुलानं पुन्हा विचारलं.

"हो," मी म्हणालो. "समाधानानंच."

सिस्टरनं पाच नंबर म्हणून हाक मारली, आणि मी काट्यावर चढलो.